हरळी : बीड जिल्ह्यातील इतिहास व लागवड

हरळी : (सं. दूर्वा, शतपर्वा, अनंता, हिं. दूब, गु. ध्रो, क. गरिके, ते. गरिक). तृण कुलातील ही जमिनीसरपट पसरणारी बहुवर्षायू वनस्पती भारतात सर्वत्र आढळते. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे वर्णन पॅनिकम या प्रजातीत केले होते. १८०५ मध्ये पर्सून यांनी तिला सायनोडॉन प्रजातीत स्थान दिले. अमेरिकेत ती बर्म्युडा ग्रास या नावाने ओळखली जाते. पूजेतील दूर्वा, घोड्याचा चारा, शेतातील तण व बागेतील हिरवळ अशा चार नात्यांनी मनुष्याचा या गवताशी संबंध आला. बीड जिल्ह्यात ही चारही नाती स्पष्टपणे दिसतात आणि त्यांच्या इतिहासात तेथील जमीन, पाणी व पशुधन यांचा इतिहास बऱ्याच अंशी सामावलेला आहे.

प्रदेश : बीड जिल्ह्याचे (क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी.) बालाघाटच्या डोंगररांगेमुळे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठचा, गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांतील काळ्या कसदार जमिनीचा सखल पट्टा असून त्यास गंगथडी म्हणतात. दक्षिणेस व पश्चिमेस पाटोदा, आष्टी इ. तालुक्यांतील उथळ, मुरमाड जमिनीचे पठार आहे. पावसाचे सरासरी वार्षिक मान सु. ६५० ते ७०० मिमी. असले, तरी तो अनियमित पडतो व पश्चिमेकडील तालुक्यांत त्याचे प्रमाण कमी आहे. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते.

दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तृणाच्छादनाच्या वर्गीकरणात देशाचे पाच विभाग पाडले आहेत. त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम या विभागात हा प्रदेश मोडतो. शेडा हे सेहिमा प्रजातीतील, तर मारवेल हे डायकँथियम प्रजातीतील गवत होय. राखलेल्या कुरणात ही उंच, झुबक्याने वाढणारी गवते प्रबळ असतात. मुरमाड उतारांवर त्यांच्या जोडीला कुसळी येते. हरळीचे स्थान मात्र निराळे आहे. शेताचे बांध, ओढ्यांचे काठ, विहिरींची थारोळी, पाट, पायवाटा व गावठाणातील मोकळ्या जागा, म्हणजे जेथे थोडी ओल व सततची तुडवण असते, तेथे ती वाढते. उंच गवताचे वाढीचे कोंब वर असल्याने वारंवार चराई झाली की ते खंगते. हरळीचे कोंब जमिनीलगत व जमिनीखाली असल्याने ती टिकून राहते. म्हणून एखाद्या कुरणात ओलीच्या जागी मारवेल मागे हटून हरळी पसरू लागली, की तेथे चराई प्रमाणाबाहेर होत असल्याचे अनुमान करता येते.

वर्णन व ओळख : हरळीला दोन प्रकारची आडवी खोडे असतात. जमिनीवरून धावणाऱ्या तनांना पेऱ्यापेऱ्यांवर मुळे व फुटवे येतात; जमिनीखालील पांढऱ्या, टोकदार, खवलेयुक्त खोडांना शेतकरी ‘काश्या’ म्हणतात. काश्या बहुधा वरच्या ३० सेंमी. थरात असतात, परंतु भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत त्या याहून खोल जातात. मुळे १ मी. पेक्षाही खोल पोहोचू शकतात. पाने अरुंद, २ ते ४ मिमी. रुंद व टोकाकडे निमुळती असतात. पाते व आवरक यांच्या सांध्याशी पातळ पडद्याऐवजी आखूड केसांची ओळ असते व दोन्ही कडांना काही लांब केस असतात. फुलोऱ्यात ३ ते ६ बारीक कणिशे दांड्याच्या टोकावरील एकाच बिंदूपासून हाताच्या बोटांप्रमाणे निघतात. ‘डॅक्टिलॉन’ हे नाव त्यावरूनच पडले. कणिशके २ ते २·५ मिमी. लांब, बाजूंनी चपटी, बिनकुसळी व एकपुष्पी असून ती कणिशाच्या एकाच बाजूस दोन ओळींत बसविलेली असतात.

हरळीशी गल्लत होणाऱ्या वनस्पती बऱ्याच आहेत. डॅक्टिलॉक्टेनियम या गवताची कणिशेही बोटांसारखी असतात. परंतु ती जाड व आखूड असून त्यांचा कणा टोकाशी उघडा व अणकुचीदार राहतो. रान नाचणी (एल्युसाइन) हे वर्षायू व झुबक्याचे गवत असून त्याचा बुडखा चपटा व कणिशके अनेकपुष्पी असतात. डिजिटॅरियाच्या जातींत सांध्याशी केसांऐवजी पातळ पडदा असतो व कणिशके जोडीने येतात. मारवेलच्या पेऱ्यांवर पांढऱ्या केसांचे कडे असते व कणिशकांना कुसळे असतात. लव्हाळा हे गवत नव्हेच. त्याचे खोड तिधारी, पाने तीन रांगांत व जमिनीखाली काळपट गाठी असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कारण हरळीची काशी उन्हात वाळवून मारता येते, परंतु लव्हाळ्याच्या खोल राहिलेल्या गाठी त्या उपायाला सहसा दाद देत नाहीत.

जिल्ह्यातील गवतांचा शास्त्रीय अभ्यास तुलनेने उशिरा झाला. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील टी. कुक यांचा ग्रंथ (१९०१–०८) किंवा ब्लाटर व मॅकॅन यांचा मुंबईच्या गवतांवरील ग्रंथ (१९३५) यांच्या मुख्य क्षेत्राबाहेर तो प्रदेश राहिला. ही उणीव पुढे पाटुणकर यांचा मराठवाड्यातील गवतांवरील ग्रंथ (१९८०), वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ (१९९८) व शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला महाराष्ट्रातील गवतांवरील ग्रंथ (२०१२) यांनी भरून निघाली.

धार्मिक परंपरा : यजुर्वेदात कांड्याकांड्यांतून फुटून वाढणारी वनस्पती म्हणून दूर्वेचा उल्लेख आहे. पेऱ्यांपासून फुटण्याचा तिचा गुण त्या काळी ध्यानात आलेला होता, हे त्यावरून दिसते. शतपर्वा हे नावही त्याच गुणाचे निदर्शक होय. भावप्रकाशात नीलदूर्वा, श्वेतदूर्वा व गंडदूर्वा असे भेद सांगितले आहेत. भाद्रपद शुद्ध अष्टमीस दूर्वाष्टमी म्हणतात. गणेशाने अनलासुरास गिळल्यावर झालेला दाह दूर्वांनी शमला, या गणेशपुराणातील कथेवरून गणेशपूजेत एकवीस दूर्वा वाहण्याची प्रथा रूढ झाली, असे मानतात.

या परंपरेशी बीड जिल्ह्याचा विशेष संबंध आहे. एकवीस गणेशक्षेत्रांत गणली जाणारी राक्षसभुवन (ता. गेवराई), गंगामसले (ता. माजलगाव) व नामलगाव (ता. बीड) ही तीन स्थाने या जिल्ह्यात असून पहिली दोन गोदावरीच्या काठी आहेत. पूजेसाठी कोवळ्या, तीन किंवा पाच पानांच्या दूर्वा खुडतात. अशा खुडणीने हरळीला अपाय होत नाही, उलट बाजूचे फुटवे जोमाने वाढतात. हिरवळ कापण्याचे तत्त्व हेच आहे. घोळणा फुटल्यास हरळीचा रस नाकात पिळण्याचा घरगुती उपचारही जुना आहे.

घोडदळ व घासदाणा : मध्ययुगात दख्खनच्या राजकारणाची भिस्त घोडदळावर होती आणि घोडदळाची भिस्त गवतावर. त्यामुळे मराठी राज्यात सरकारी जनावरांसाठी कुरणे राखून ठेवीत व त्यांतील गवताच्या गंज्या रचून बेगमी करीत. मराठ्यांच्या फौजा परमुलखातून जात, तेव्हा प्रत्यक्ष वैरण व धान्य उचलून नेण्याऐवजी त्यांच्या मोबदल्यात घेतल्या जाणाऱ्या कराला ‘घासदाणा’ म्हणत. निजामाच्या मुलखातील गावांना चौथाई व सरदेशमुखी यांप्रमाणे हा शब्दही परिचयाचा होता. गवत ही त्या काळी सार्वजनिक अर्थव्यवहाराची वस्तू होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

जिल्ह्यात व त्याच्या सीमेलगत दोन मोठ्या लढाया झाल्या. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे थोरले माधवराव पेशवे व रघुनाथराव यांच्या फौजेने निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत पडला. ही लढाई ऐन पावसाळ्यात, गोदावरीच्या काठी झाली. ११ मार्च १७९५ रोजीची खर्ड्याची लढाई आता अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात असलेल्या जामखेड तालुक्यात, परंतु बीडच्या पठाराला लागूनच झाली. त्या वेळी खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयास गेलेल्या निजामाच्या सैन्याची पाण्यावाचून कोंडी झाली व त्याला तह करावा लागला. मार्च महिन्यात या पठारावर गवत वाळलेले व ओढे आटलेले असतात. मोठ्या फौजेला एका जागी फार दिवस राहणे तेथे कठीण असते, ही गोष्ट अशा मोहिमांत तोफांइतकीच निर्णायक ठरे.

मोमिनाबादची छावणी : निजामी अंमलात अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील सैन्याची घोडदळाची छावणी तेथे होती. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली. या घोडदळाची रचना शिलेदारी पद्धतीची होती. स्वार घोडा स्वतःचा आणी व मिळणाऱ्या वेतनातून त्याची वैरण भागवी. दोन स्वारांमागे एक घासवाला व ओझ्यासाठी एक तट्टू ठेवण्याची रीत शिलेदारी पलटणींत सर्वसाधारण होती.

घासवाला रोज पहाटे बाहेर पडून बांधांवरची व ओढ्याकाठची हरळी आखूड खुरप्याने मुळ्यांसकट खरडून आणी. वाळलेल्या उंच गवतापेक्षा ही हिरवी, गोडसर व पचण्यास हलकी वैरण घोड्यांना अधिक मानवते, असा त्या काळच्या घोडदळाचा अनुभव होता. गवताबरोबर माती पोटात गेल्यास घोड्यांना पोटशूळ होई. म्हणून ते झोडपून व धुऊन घालण्यावर पशुवैद्यांचा कटाक्ष असे. छावणीच्या भोवतालच्या गावांच्या दृष्टीने घासवाल्याचे खुरपे दुहेरी परिणामाचे होते. शेतातील हरळी निघाली तर ती खुरपणीच ठरे. परंतु बांधावरची खरडली गेली, तर पावसात बांध वाहून जाण्याची भीती असे. काश्या जमिनीत राहत असल्यामुळे खरडलेली जागा पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवी होई. हा चारा वर्षानुवर्षे त्याच परिसरातून मिळत राहण्याचे कारण हेच होते.

तण म्हणून हरळी : काळ्या जमिनीतील शेतकऱ्याला हरळी व कुंदा ही दोन तणे सर्वांत त्रासदायक वाटत आली आहेत. हरळी माजलेल्या शेतात ज्वारी व कापूस खुरटतात. वखर किंवा कुळव यांची पास जमिनीच्या वरच्या थरातूनच फिरते. तिने काश्या तुटतात, पण मरत नाहीत. प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप तयार होते. म्हणून हरळी काढण्याचा जुना मार्ग खोल खांदणीचा होता. उन्हाळ्यात कुदळीने जमीन खांदून मोठी ढेकळे उलथवीत, ती तापू देत आणि नंतर काश्या वेचून जाळीत. जेथे शक्य असे तेथे जड लाकडी नांगराला तीन-चार ते सहा बैलजोड्या जुंपून खोल नांगरट करीत. एवढे बैल एका कुटुंबाकडे क्वचितच असत, म्हणून सावडीने नांगर चालवीत. लहान शेतकऱ्याची जमीन हरळीखाली जाणे ही त्यामुळे केवळ तणाची बाब नव्हती. बैल व मनुष्यबळ नसल्याने जमीन पडीक राहणे, उत्पन्न घटणे व सावकाराकडे जाणे, अशी ती साखळी असे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे तयार केलेल्या लोखंडी नांगराने या परिस्थितीत हळूहळू फरक पडला. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीमुळे प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. परंतु माती पलटविणारा हा नांगर काश्या उन्हात उघड्या पाडतो, हे अनुभवास आल्यावर तो दख्खनमध्ये पसरला. ट्रॅक्टरमुळे खोल नांगरट सुलभ झाली. मात्र ओल असताना फिरविलेल्या तव्यांच्या कुळवाने काश्यांचे तुकडे होऊन तण शेतभर पसरते. १९७४ नंतर जगभर प्रसृत झालेल्या ग्लायफोसेट या तणनाशकाचा हरळीवर चांगला परिणाम होतो, कारण ते पानांतून काश्यांपर्यंत पोहोचते. आरोग्यविषयक चिंतेमुळे केंद्र शासनाने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. उन्हाळी नांगरट व काश्या वेचणी हा उपाय आजही सर्वांत निर्धोक मानला जातो. वेचणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात.

बांध व धरणे : जे गुण शेतात उपद्रवी ठरतात, तेच बांधावर उपकारक होतात. काश्या व मुळे यांच्या जाळ्यामुळे माती घट्ट धरली जाते आणि वाहत्या पाण्याचा वेग कमी होतो. मातीच्या धरणाच्या पाण्याकडील उतारावर दगडी अस्तर, तर मागील उतारावर हरळीचे आच्छादन, ही स्थापत्यातील सर्वमान्य पद्धत आहे. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली बांधबंदिस्ती, पाझर तलाव इत्यादींची कामे जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाली. अशा मातीकामाचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरील गवतावर अवलंबून असते. जायकवाडी प्रकल्पाच्या उजव्या कालव्याने गोदाकाठच्या तालुक्यांत पाणी आले, तेव्हा कालवे व पाट यांच्या कडांनी हरळीही पसरली.

दुष्काळ : १८७६–७८, १८९९–१९००, १९१८ व १९७१–७३ या काळात दख्खनवर मोठे दुष्काळ पडले. दुष्काळात उंच गवते संपल्यावर जमिनीखालील काश्या हाच चाऱ्याचा शेवटचा साठा उरतो. त्या खणून, धुऊन जनावरांना घालण्याची रीत दख्खनमध्ये होती. काश्यांत पिष्टमय पदार्थ साठविलेले असल्याने त्यांवर जनावरे काही काळ तग धरतात. अर्थात काश्या खणणे म्हणजे पुढील वर्षीच्या चाऱ्याचे बीजच काढून घेणे होय. ज्या गावात ही पाळी येई, तेथे जनावर जगविण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसे.

अलीकडील दुष्काळांत, विशेषतः २०१२–१३ व २०१८–१९ मध्ये, शासनाच्या साहाय्याने जिल्ह्यात मोठ्या संख्येने चारा छावण्या उघडण्यात आल्या. त्यांत मुख्यतः ऊस व पेंड दिली जाई. जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्यांसह पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. तेथे उसाचे वाढे हा त्यांच्या बैलांचा चारा असतो. गावच्या कुरणावर जी जनावरे पूर्वी जगत, त्यांपैकी अनेकांना आता वर्षातील कित्येक महिने दुसऱ्या प्रदेशाच्या पाण्यावर वाढलेला चारा मिळतो.

हिरवळीचे गवत : शोभेसाठी हिरवळ राखण्याची आधुनिक पद्धत भारतात ब्रिटिशांच्या छावण्या, बंगले व क्रीडांगणे यांबरोबर रुजली. इंग्लंडमधील हिरवळीची गवते थंड हंगामी असतात. पोआ, रायघास (लोलियम) व फेस्क्यू (फेस्टुका) या प्रजातींतील ही गवते १५° ते २४° से. तापमानात उत्तम वाढतात व उन्हाळ्यात मलूल होतात. हरळी उष्ण हंगामी असून तिची वाढ सु. २७° ते ३५° से. तापमानात सर्वाधिक होते. या भेदाचे शारीरक्रियावैज्ञानिक कारण हॅच व स्लॅक यांच्या संशोधनामुळे (१९६६) उलगडले. हरळी, ऊस, ज्वारी इ. वनस्पतींत कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधला जातो. त्यामुळे प्रखर ऊन व कमी पाणी अशा स्थितीत त्यांचे प्रकाशसंश्लेषण अधिक कार्यक्षम असते [⟶ प्रकाशसंश्लेषण].

थंड हंगामी गवतांपैकी काटकपणासाठी प्रसिद्ध झालेले उदाहरण ‘केंटकी-३१’ या उंच फेस्क्यूचे आहे. १९३१ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात एका डोंगरउतारावर फर्गस यांना ते हिरवेगार आढळले व परीक्षणानंतर १९४३ मध्ये प्रसृत करण्यात आले. त्याच्या काटकपणामागे गवताच्या आत राहणारे एक कवक असून तेच गुरांना अपायकारक ठरते, हे पुढे १९७७ च्या सुमारास उघडकीस आले. हिरवळीला उत्तम ते चाऱ्याला उत्तम असतेच असे नाही, हे यावरून दिसून येते. त्याच १९४३ साली जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीचा ‘कोस्टल’ हा चाऱ्याचा संकरित वाण प्रसृत केला. पुढे त्यांनी आफ्रिकेतील सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस या बारीक पानांच्या जातीशी संकर करून ‘टिफग्रीन’ (१९५६) व ‘टिफवे’ (१९६०) हे हिरवळीचे वाण काढले. त्यांना बी धरत नसल्याने त्यांची लागवड तनांपासूनच करतात.

भारतात थंड हंगामी गवते हिमालयातील व निलगिरीतील थंड ठिकाणीच चांगली टिकतात. उत्तर भारताच्या मैदानात हिवाळ्यात हरळी पिवळी पडते, तेव्हा काही क्रीडांगणांवर तिच्यात हंगामापुरते रायघासाचे बी टाकतात. बीडच्या हवामानात या उपायाची गरज सहसा भासत नाही. येथे डिसेंबर-जानेवारीत हरळीची वाढ मंदावते, परंतु थोडी ओल असल्यास ती हिरवी राहते. उलट थंड हंगामी गवत हिवाळ्यात उगवले, तरी एप्रिल-मेच्या उन्हात ते तग धरत नाही.

लागवड : जागा उन्हाची असावी, दाट सावलीत हरळी विरळ होते. उन्हाळ्यात जमीन सु. ३० सेंमी. खोल खणून तापू द्यावी व लव्हाळ्याच्या गाठी काळजीपूर्वक वेचून काढाव्यात. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचत असल्याने वाळू किंवा मुरूम मिसळून हलका उतार देतात. कुजलेले शेणखत घालून जमीन सपाट केल्यावर एकदा पाणी देऊन तण उगवू द्यावे व ते काढून मगच लागवड करावी. पावसाळ्याचा आरंभ हा लागवडीस सर्वांत योग्य काळ होय.

लागवडीच्या चार पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे ८ ते १० सेंमी. अंतरावर टोचतात, ती स्वस्त व खात्रीची असून दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकली जाते. दुसरीत तयार हिरवळीचे मातीसकट कापलेले चौकोन एकमेकांस भिडवून बसवितात. तिसरीत चिरलेली हरळी, माती व ताजे शेण यांचा पाण्यात काला करून तो सपाट जमिनीवर सु. २ ते ३ सेंमी. जाडीचा लिंपतात व वर पाचट पसरतात. चौथी पद्धत बियांची. बी अतिशय बारीक असल्याने ते वाळूत मिसळून फोकतात. मुळे धरल्यावर हलका रूळ फिरवितात. पहिली कापणी गवत सु. ५ सेंमी. झाल्यावर करतात व एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापत नाहीत. लागवडीसाठी त्याच परिसरातील, तुडवणीखाली वाढलेली आखूड पेऱ्यांची हरळी निवडल्यास ती बाहेरून आणलेल्या वाणांपेक्षा अधिक टिकाऊ ठरते. स्थानिक वाणांत गुणसूत्रांची संख्या (१८ किंवा ३६), पानांची रुंदी व रंग यांबाबत बरीच विविधता आढळते.

पाण्याचा प्रश्न : हिरवळीचा विचार बीडसारख्या जिल्ह्यात पाण्यापासून वेगळा करता येत नाही. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवण्यासाठी दररोज सु. ५ मिमी. पाणी द्यावे लागते असे धरल्यास १०० चौ. मी. जागेस रोज ५०० लि. पाणी लागते. ग्रामीण पेयजल योजनांत दरडोई दररोज ५५ लि. हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एवढ्या हिरवळीचे पाणी नऊ माणसांची गरज भागविते. थंड हंगामी गवतास याहून अधिक पाणी लागते. मांजरा नदीवर केज तालुक्यात धनेगाव येथे बांधलेले धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. हा प्रसंग लक्षात घेता या आकड्यांचे महत्त्व कळून येते.

यावर हरळीच्या स्वभावातच उपाय आहे. पाणी तोडल्यास तिची पाने करपतात, परंतु काश्या जिवंत राहतात व पहिल्या वळवाने ती पुन्हा फुटते. म्हणून उन्हाळ्यात हिरवळ तपकिरी होऊ देणे हे या हवामानात निष्काळजीपणाचे नव्हे, तर योग्य मशागतीचे लक्षण मानावे लागते. सांडपाणी गाळून ते हिरवळीस देणे हाही उचित मार्ग आहे.

कुरणे व गायराने : गावाच्या सामाईक चराऊ जमिनींचा, म्हणजे गायरानांचा प्रश्न मराठवाड्यात दीर्घकाळ चिघळलेला आहे. एका बाजूस या जमिनी चाऱ्यासाठी मोकळ्या राहाव्यात, ही पशुपालकांची व मेंढपाळांची गरज आहे. दुसऱ्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेल्या दलित व भटक्या कुटुंबांना कसण्यासाठी तेवढीच जमीन उपलब्ध होती. या कुटुंबांच्या हक्कासाठी बीड जिल्ह्यातील कार्यकर्ते एकनाथ आवाड (१९५६–२०१५) यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून जमीन अधिकाराचे आंदोलन चालविले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना भूमिहीनांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारख्या प्रकरणी अपवाद मान्य केला. गवत व भाकरी यांपैकी एकाचीच निवड करावी लागू नये, यासाठी उरलेल्या गायरानांची उत्पादकता वाढविणे आवश्यक ठरते.

त्या दृष्टीने हरळीची भूमिका मर्यादित पण निश्चित आहे. हेक्टरी चाऱ्याच्या उत्पादनात ती मारवेल किंवा अंजन या गवतांची बरोबरी करू शकत नाही. म्हणून चराईबंदी करून राखलेल्या कुरणांत मारवेलसारख्या गवतांना प्राधान्य देतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण प्रसृत केले आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या (स्थापना १९९४) राखीव क्षेत्रांत चराईचा दाब कमी झाल्यास अशी उंच गवते पुन्हा वाढू शकतात. हरळीची जागा बांध, पाट, धरणाचे उतार, क्रीडांगणे व गावठाण ही होय. तेथे तिला राखणे आणि पिकाच्या शेतात तिला शिरू न देणे, हे दोन्ही तिची ओळख पटविण्यावर अवलंबून आहे [⟶ गवते].